मिलिंगचं टेबल टोकाला झुकतं आणि तिथेच जड होतं: गिब किती आवळायची?

टेबल टोकाला नेलं की झुकतं म्हणून गिब (सरकत्या भागांमधली फट भरणारी पट्टी) आवळली. आता ते मधे छान चालतं, पण टोकाकडे हँडल फिरता फिरत नाही. एम वन टी आर किंवा ब्रिजपोर्ट पद्धतीच्या जुन्या मशीनवर या दोन तक्रारी जोडीनेच येतात, कारण दोन्हींच्या मुळाशी असमान झीज असते. बहुतेक काम टेबलाच्या मधल्या भागातच होतं, त्यामुळे तेवढाच पट्टा झिजतो आणि टोकं जवळपास कोरी राहतात. शिवाय टेबल सॅडलपेक्षा, म्हणजे ते ज्यावर सरकतं त्या खालच्या भागापेक्षा, बरंच लांब असतं. ते टोकाला गेलं की वजन सॅडलच्या कडेवर येतं आणि धातूच्या चिप्सही तिथूनच आत शिरतात. कडा अशा झिजत गेल्या की सॅडलची पाठ किंचित फुगीर होते.

म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी मोजून घ्या. मेन स्विच बंद करा, पॉवर फीड (टेबल आपोआप सरकवणारी यंत्रणा) सोडा, वाइपर (मळ अडवणाऱ्या पट्ट्या) काढून खालचा सगळा मळ पुसा. मीटरला 0.02 मिमी दाखवणारी स्पिरिट लेव्हल टेबलाच्या मधोमध लांबीच्या दिशेने ठेवा आणि टेबल दोन्ही टोकांना नेऊन बुडबुडा किती घरं सरकतो ते लिहून ठेवा. मग डायलचा (बारीक हालचाल मोजणाऱ्या घड्याळाचा) मॅग्नेटिक बेस नीवर, म्हणजे सॅडलला पेलणाऱ्या खालच्या भागावर बसवा, डायलचं टोक टेबलाच्या लटकत्या बाजूला टेकवा आणि टेबल हाताने वर उचलून पाहा. हाताने खेळ मिळाला तर ती ढिलाई आहे, गिबने कमी होईल. हाताला खेळ नाही आणि तरीही बुडबुडा सरकतो, तर टेबल फुगीर पाठीवरून कमानीत चाललं आहे. अशा वेळी गिब कितीही आवळली तरी झुकणं जाणार नाही. हा फरक न पाहता स्क्रू पिळणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक आहे.

एक खातरजमा आधीच करा. नी आणि सॅडल दोन्ही लॉक करून तीच चाचणी पुन्हा घ्या. खेळ एकदम कमी झाला तर दोष टेबलाच्या गिबमध्ये नसून खाली आहे. गिब खालून वर या क्रमाने लावायच्या: आधी नी, मग सॅडल, शेवटी टेबल.

आता टेबलाची गिब. तिन्ही लॉक मोकळे आहेत ना, ते पाहा. गिब पट्टी निमुळती असते आणि स्क्रू तिला लांबीच्या दिशेने ढकलतो. निमुळतेपणा 1:50 आणि स्क्रूचा पिच 1.25 मिमी धरला, तर पूर्ण एका फेऱ्यात फक्त 0.025 मिमी फट मिटते. म्हणून एका वेळी पाव फेराच द्या. काही मशीनवर दोन्ही टोकांना स्क्रू असतात. तिथे दुसऱ्या टोकाचा सैल केल्याशिवाय पहिला आवळू नका, नाहीतर गिब वाकते. दर वेळी तेल मारून टेबल पूर्ण लांबीने दोनतीनदा फिरवा आणि मगच डायल पाहा.

मोजमाप टेबल मधे असताना करा, पण थांबायचं कुठे ते टोकांवर ठरवा. टोकाला हँडल एकसारख्या जोराने फिरलं पाहिजे, तिथे जड लागायला लागलं की पाव फेरा मागे या. मधे थोडा खेळ उरेल, तो राहू द्या. काम करताना जो अक्ष हलत नाही तो लॉक करून ठेवा. टोकाला पूर्ण मोकळं आणि मधे पूर्ण घट्ट, हे झिजलेल्या टेबलावर गिबने साधत नाही.

टेबल एका दिशेने हलकं आणि उलट दिशेने जड जात असेल, तर गिबच्या स्क्रूची कॉलर आणि गिबची खाच यांच्यामधली फट तपासा. ती मोठी असली की टेबल गिबला बरोबर ओढतं, एका दिशेने ती पाचरीसारखी घट्ट बसते आणि दुसऱ्या दिशेने सुटते. खाचेत पातळ पितळी पत्रा बसवून ही फट भरा. हा दोष बऱ्याचदा नजरेतून सुटतो आणि लोक उगाच स्क्रू आवळत बसतात.

गिब एक फेरा सैल करूनही टोकाला जडपणा तसाच राहिला, तर संशय लीड स्क्रूवर, म्हणजे हँडलने फिरून टेबल सरकवणाऱ्या स्क्रूवर घ्या. बॅकलॅश (हँडल उलटं फिरवताना लागणारा रिकामा खेळ) काढण्यासाठी नट मधल्या झिजलेल्या आट्यांवर आवळला असेल, तर टोकाच्या न झिजलेल्या आट्यांवर तो अडकणारच. स्क्रू वाकलेला असला किंवा टोकाचा बेअरिंग ब्रॅकेट सरळ रेषेत नसला तरीही असंच होतं. ब्रॅकेटचे बोल्ट थोडे सैल करून हलकं होतं का, ते पाहा.

स्क्रू शेवटपर्यंत गेला आणि तरीही ढिलाई उरली, तर गिब संपली असं समजा. ती बाहेर काढा, कडांची बर (वर आलेली खरखरीत धार) दगडाने मारा आणि पाठीमागच्या, म्हणजे न घासणाऱ्या बाजूला 0.1 मिमीची शिम (पातळ पत्र्याची पट्टी) लावा. शिममध्ये तेलाची भोकं पाडायला विसरू नका. ती बुजली की टेबल कोरडं चालतं आणि जाम होतं. तेल स्लाइडवेचं, 68 ग्रेडचं वापरा. ग्रीस नको, त्यात चिप्स चिकटून राहतात.

लेव्हलने कमान दाखवली असेल, तर सॅडल उतरवून ब्लू (उंचवटे दाखवणारा निळा रंग) लावून स्क्रेप करणं, म्हणजे उंचवटे खरवडून काढणं, हाच इलाज. तोवर जड काम टेबलाच्या मधोमध बांधा आणि लांब जॉबचं लटकतं टोक नीवर ठेवलेल्या स्क्रू जॅकवर टेकवू नका. टेबल सरकलं की जॅक आडवा होतो.