जुन्या सीडीतले फोटो काढताना या चुका टाळा

2000 नंतरची दहाएक वर्षं लग्न असो, मुंज असो की बारसं, स्टुडिओवाला अल्बमसोबत एक सीडी हातात ठेवायचा. घरच्या डिजिटल कॅमेऱ्यातले फोटोही सीडीवरच राइट करून कपाटात जायचे. आता तीच सीडी लावली की ड्राइव्ह नुसता घरघरतो आणि फोल्डर काही उघडत नाही. इथवर ती फक्त आजारी असते. तिचा जीव जातो तो बहुतेक वेळा पुढच्या तासाभरात, आपल्या हातून.

सगळे जपतात ती खालची चकचकीत बाजू. पण सीडीत फोटोंचा थर असतो छापील बाजूच्या लगेच खाली, वर फक्त लॅकरचा पातळ लेप. खालून मात्र जवळजवळ 1.2 मिलिमीटर पॉलिकार्बोनेटचं कवच असतं. म्हणून खालचा चरा पुष्कळदा निभावतो, वरचा नाही. वर चिकटवलेला कागदी स्टिकर तर अजिबात सोलू नका, त्याच्याबरोबर चंदेरी थरही उचलला जातो. डीव्हीडीचं बरं असतं. तिथे हा थर 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये दडलेला असतो.

सीडी ट्यूबलाइटसमोर धरून पाहा. प्रकाशाचे ठिपके आरपार चमकले तर तिथला थर गेला. तेवढ्या जागेवर इलाज नाही, बाकीचं वाचवायचं. आणि मधल्या भोकापासून तडा गेला असेल तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका. 52 एक्स वेगाचा ड्राइव्ह मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेतो, चकतीचे तुकडे होऊन ड्राइव्हही जातो.

टूथपेस्टचा उपाय प्रत्येक घरात कुणाला तरी ठाऊक असतो. टूथपेस्ट म्हणजे बारीक पॉलिश पावडर, ती एक चरा बुजवताना दहा नवे पाडते. कोकणातल्या दमट हवेत धरलेली बुरशी किंवा बोटांचे डाग साध्या पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाच्या एका थेंबाने निघतात. पुसायचं मऊ सुती कापडाने, भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसू नये, कारण माहिती गोलाकार मार्गावर लिहिलेली असते. मार्गाला आडवा गेलेला चरा सीडीची चूकदुरुस्तीची यंत्रणा भरून काढते, पण तिची झेप सलग अडीच मिलिमीटरच्या आसपास संपते. मार्गाच्या दिशेने गेलेला लांब चरा तिच्या आवाक्याबाहेरचा.

विंडोज ‘डिस्क फॉरमॅट करा’ म्हणालं तर कॅन्सल करा. पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर ‘हो’ म्हणणं म्हणजे स्वतःच्या हाताने पाटी पुसणं. सीडी ‘रिकामी’ दिसली तरी घाबरू नका. एकाच सीडीवर वेगवेगळ्या वेळी फोटो लिहिले असतील तर बरेचदा शेवटचं सेशन तेवढं दिसतं, आधीची तिथेच असतात. आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर ती दाखवतं. फायनलाइज न केलेली, म्हणजे लिहून झाल्यावर शेवटी ‘बंद’ न केलेली डिस्क नुसत्या वाचणाऱ्या ड्राइव्हला अनेकदा कळतच नाही, तिला रायटर, म्हणजे सीडी लिहिणारा ड्राइव्ह लागतो.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: एक्सप्लोररमधून फोटो ओढून कॉपी करत बसणं. एक खराब सेक्टर (माहितीचा छोटा तुकडा) आला की कॉपी अडते, आपण पुन्हा ओढतो, ड्राइव्ह त्याच जागी झटत राहतो. त्याऐवजी अख्ख्या डिस्कची एक इमेज, म्हणजे एकाच फाइलमधली हुबेहूब नक्कल, हार्ड डिस्कवर घ्यायची आणि पुढची सगळी खटपट त्या इमेजवर करायची. लिनक्सवरचं फुकट ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ यासाठी सर्वांत भरवशाचं. ते आधी चांगला भाग उचलतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं आणि काय राहिलं याची नोंद मॅपफाइलमध्ये ठेवतं. सेक्टरचा आकार 2048 बाइट द्यायला विसरू नका. मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये सीडी घालून त्याच इमेजवर, त्याच मॅपफाइलने पुन्हा चालवायचं. एका ड्राइव्हने हात टेकले ते सेक्टर दुसरा मुकाट्याने वाचतो, हे नेहमीचंच. शेजाऱ्यांच्या जुन्या डेस्कटॉपमधला रायटर नव्या, पातळ यूएसबी रायटरपेक्षा अनेकदा सरस निघतो.

फोल्डरची यादीच गेली असेल तर इमेजवर ‘फोटोरेक’ हे हरवलेल्या फाइल शोधणारं सॉफ्टवेअर चालवा. सीडीवर एक फाइल बहुधा सलग लिहिलेली असते, त्यामुळे इथे ते हार्ड डिस्कपेक्षाही चांगलं काम करतं. मूळ नावं मात्र परत येत नाहीत. काही फोटो वर ठीक आणि खाली करडे निघतील. ते पुसून टाकू नका, कॅमेऱ्याने फाइलच्या सुरुवातीला ठेवलेलं छोटं थंबनेल, म्हणजे फोटोची लहान प्रत, कित्येकदा पूर्ण असतं.

या खटाटोपाआधी एक फोन मात्र करा, मामाला किंवा आत्याला. लग्नाच्या सीडीच्या दोन-चार प्रती नातेवाइकांत वाटलेल्या असतात. अशा दोन प्रती एकाच इमेजवरून बर्न केलेल्या असतील आणि दोन्ही खराब असल्या, तरी डीडीरेस्क्यू एकीतले सेक्टर वापरून दुसरीची भोकं बुजवू शकतं.