न वाचलेल्या पुस्तकांसोबत नांदायचं कसं

सगळ्यात आधी, मोजू नका. मोजलं की आकडा येतो, आकडा आला की भागाकार सुरू होतो: महिन्याला दोन, वर्षाला चोवीस, म्हणजे एवढं सगळं संपवायला नव्वदीपर्यंत जगायला हवं. असल्या हिशोबाने कुणाचं एक पानही जास्त वाचून होत नाही. शिवाय कोश, पाककृती, स्तोत्रांची पुस्तकं मोजणीत धरायचीच नसतात, ती गरजेला उघडायची असतात.

मी मुद्रितशोधनाची कामं घेते आणि ठाण्यात दोन खोल्यांच्या जागेत राहते. प्रकाशकांच्या भेटप्रती येतात, त्यांना नको म्हणवत नाही. प्रदर्शनातून रिकाम्या हाताने परतणंही जमत नाही, आणि आता या वयात ते जमवायचं मनातही नाही. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. आपल्याला फार तर एक भिंत मिळते, तीही टीव्हीशी भांडून. तेव्हा ढीग राहणार हे धरूनच पुढचं सांगते.

पुस्तक घरात आलं की त्याच दिवशी त्याला अर्धा तास द्या. आधी फर्मे तपासा. छापखान्यात मोठ्या कागदावर बहुधा सोळा पानं एकदम छापतात आणि मग त्याच्या घड्या घालतात. तो एक फर्मा. बांधणीत चूक झाली तर सुटं पान गळत नाही, अख्खा फर्मा गळतो, दुबार येतो किंवा उलटा बसतो. त्यामुळे प्रत्येक पान बघायची गरज नाही, सांधे बघायचे. सुरुवातीच्या पानांमुळे आकडे थोडे पुढेमागे होतात, पण पहिला सांधा सापडला की पुढे दर सोळा पानांवर बोट ठेवत जायचं. दोन मिनिटांचं काम. फर्मा कमी निघाला तर आठवड्याभरात दुकानदार प्रत बदलून देतो. चार वर्षांनी, रंगात आलेलं असताना, १२८नंतर थेट १४५वं पान आलं की पावती गेलेली असते आणि आवृत्तीही संपलेली असते.

मग अनुक्रमणिका आणि लेखकाचं मनोगत वाचा. मान्यवरांची प्रस्तावना असेल तर ती राहू द्या. प्रुफं तपासताना इतक्या प्रस्तावना नजरेखालून गेल्यात की कुणी पुस्तक वाचून लिहिलंय आणि कुणी अनुक्रमणिका चाळून, हे दुसऱ्या परिच्छेदात कळतं.

शेवटी आतल्या कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीने तारीख, ठिकाण आणि का घेतलं ते एका ओळीत लिहा. 'पुणे, फर्ग्युसनचं मैदान, कोकणातली खोती समजून घ्यायला.' पेनाने लिहू नका, पुढे पुस्तक कुणाला द्यायचं झालं तर खोडता येत नाही. यातली 'का' ही ओळ सगळ्यात कामाची. काही वर्षांनी पुस्तक हाती आलं की तेव्हा आपण कशाच्या मागे होतो ते आठवतं, आणि ते ठेवायचं की द्यायचं याचा निकाल उभ्या उभ्या लागतो. 'सवलत होती' एवढंच लिहिता येत असेल तर मात्र अवघड आहे.

सवलतीवरून आठवलं. प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे आज जातात आणि पुस्तक कधीतरी पुढे येतं, तोवर आपली हौस ओसरलेली असते. ज्या लेखकाचं आधीचं एक तरी पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय, त्याचीच नोंदणी मी करते. संचांना हा नियम दुप्पट कडक. विश्वकोशाचे खंड घ्यायचा मोह झाला तर तो संकेतस्थळावर फुकट वाचता येतो, हे स्वतःला सांगायचं.

आता ठेवायचं कुठे. आडव्या थप्प्या लावू नका. थप्पीतलं खालचं पुस्तक काढायला वरची सात उचलावी लागतात, म्हणून ते कधीच निघत नाही. पुस्तकं उभी आणि सरळ ठेवा. तिरकी कलली की पुठ्ठ्याचा सांधा सैल होतो. चित्रांची मोठी, जड पुस्तकं तेवढी आडवी. पोटमाळ्यावर काही टाकू नका. तिथे गेलेलं पुस्तक लोक घर बदलतानाच बघतात.

आमच्याकडच्या पावसात खरी परीक्षा असते. जुलैत भिंतींना ओल येते, म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि पुस्तकंही कपाटाच्या पाठीला टेकवू नका. लोखंडी कपाट वाळवीला बरं, पण बंद राहिलं की आत कोंदट होतं. कोरडा दिवस मिळाला की दारं उघडी टाकून पंखा लावा. कसर लागते ती बांधणीतल्या खळीच्या आणि कागदाच्या ओढीने. चंदेरी, चपळ, उजेड पडला की शिवणीत पळणारी. न वाचलेल्या पुस्तकांना ती जास्त लागते कारण त्यांना कुणी हलवत नाही. वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवा. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर खडखडीत वाळवून, ओल्या पाल्याने बुरशीच येते. डांबरगोळ्या निजायच्या खोलीत नकोत, डोकं दुखतं. बुरशी धरलेलं पुस्तक रणरणत्या उन्हात टाकू नका, पानं पिवळी पडतात. सावलीत, वाऱ्यावर उघडं ठेवा आणि मग कोरड्या ब्रशने झाडा.

पुस्तकं हलवायचा मुहूर्त आयता मिळतो. घटस्थापनेपर्यंत पाऊस सरत आलेला असतो. तेव्हापासून रोज एक कप्पा खाली काढून पुसायचा, दसऱ्याला सरस्वतीपूजनापर्यंत सगळं होतं. पुसताना पेन्सिलीच्या ओळी वाचल्या जातातच. त्यातली तीन पुस्तकं बाहेर ठेवायची: एक जाडजूड, एक गाडीत वाचता येईल असं, एक पत्रांचं किंवा कवितांचं. तीनच. सासूबाई दरवर्षी विचारतात, "ही एवढी वाचणार कधी?" मी म्हणते, "तुम्ही सांगा त्यातलं पहिलं." गेल्या खेपेला त्यांनीच एक उचललं आणि अजून परत दिलेलं नाही.

वाचून व्हायला मला एकच युक्ती लागू पडलीय. वाचनालयाचं पुस्तक नेहमी आधी संपतं, कारण त्याला परतीची तारीख असते. आमचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे आणि त्या तारखेचा धाक अजून कायम आहे. मग आपल्या पुस्तकालाही तारीख द्यायची. मैत्रिणीला सांगून ठेवते, "हे तुला पाडव्याला देणार." ती नेमाने फोन करते. दिवाळी अंकांचंही तसंच: मजल्यावरच्या घरांनी वेगवेगळे अंक घ्यायचे आणि फिरवायचे, होळीपर्यंत जो कुणी उघडला नाही तो ठेवायचा नाही.

फिरायला जायचं तर पाचगणीजवळ भिलारला जा. २०१७पासून तिथे घराघरांत पुस्तकं मांडलीत. बसून वाचायचं आणि जागेवर ठेवून यायचं, पिशवी हलकीच राहते.

द्यायची पुस्तकं निघाली की वाचनालयाला आधी विचारा. त्यांच्याकडेही जागा नसते, आणि गाजलेल्या कादंबरीच्या चार प्रती आधीच असतात. कसर लागलेलं पुस्तक कुणालाही देऊ नका, दुसऱ्याच्या कपाटात पाहुणी पाठवल्यासारखं होतं. जुनी पाठ्यपुस्तकं, परीक्षांची गाइडं, बदललेल्या कायद्यांची पुस्तकं सरळ रद्दीत घाला. त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. रद्दीवाल्याच्या काट्याकडे मात्र लक्ष असू द्या.