बोनमॅरो ट्रान्सप्लांटनंतर दम लागतोय? या चुका टाळा

आपल्याकडच्या पेशंटांचं ट्रान्सप्लांट अनेकदा मुंबईला किंवा वेल्लोरला होतं. दुसऱ्याच्या (दात्याच्या) पेशी घेतल्या असतील तर पहिले साधारण 100 दिवस बहुतेक केंद्रं जवळच राहायला लावतात. गफलत होते ती पेशंट गावी परतल्यावर.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘उद्या पाहू’. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला की ट्रान्सप्लांट टीमला फोन करा, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. आधी पॅरासिटामॉल देऊन ताप दाबू नका. स्टेरॉइड चालू असेल तर ताप येईलच असंही नाही; नुसता कोरडा खोकला आणि धाप. अशक्तपणा म्हणून गावातच दोन बाटल्या सलाइन लावणं ही तर आपल्याकडची लाडकी सवय! फुप्फुसात आधीच पाणी साचत असेल तर त्या बाटल्यांनी दम आणखी वाढतो.

ऑक्सिमीटरवर बसल्या जागी 96 दिसलं की घरचे निश्चिंत होतात. पेशंटला सहा मिनिटं अंगणात चालवा आणि पुन्हा बघा. तीन-चार अंकांनी खाली आलं तर वाट पाहू नका, टीमला फोन करा. न्युमोसिस्टिस या बुरशीचा न्युमोनिया सुरुवातीला असाच चालताना पकडला जातो. तो टाळणारी को-ट्रायमोक्साझोलची गोळी ‘आता बरं वाटतं’ म्हणून परस्पर बंद करू नका. बोट गार असेल किंवा नखाला नेलपॉलिश असेल तर आकडा चुकू शकतो.

सोयाबीनची मळणी, कुटार भरणं, शेणखत उपसणं यापासून पेशंट लांबच बरा. त्या धुळीत ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात, तोंडाला बांधलेला दुपट्टा ते अडवत नाही.

दुसऱ्याच्या पेशी घेतलेल्यांत महिन्यांनीही दम हळूहळू वाढू शकतो. त्या पेशीच श्वासनलिका आकसवतात. दम्याचा पंप मारत बसू नका, फुप्फुसाची तपासणी करून घ्या.

आता व्हेंटिलेटर. ‘त्यावर टाकलं की माणूस गेला’ म्हणून नातेवाईक नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायलाच कचरतात. व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत नळी घालण्याची वेळ आलेल्या या पेशंटांत मृत्यूचं प्रमाण खरंच जास्त आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण व्हेंटिलेटर रोग बरा करत नाही, औषधाला वेळ मिळवून देतो. आणि लवकर पोचलेल्या काहींचं मास्कवर किंवा हाय-फ्लो ऑक्सिजनवरही भागतं. यवतमाळहून निघायचं तर तीन तास धरा. निघण्याआधी आयसीयूत खाट आहे का आणि ॲम्ब्युलन्समधला सिलिंडर तेवढा पुरेल का, हे विचारा. ट्रान्सप्लांटची फाइल सोबत घ्या.