दहावीचं वर्तुळ आणि जिओजेब्रा: माऊस पोरांच्या हातात द्या

‘अंतर्लिखित कोनाचे माप त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मे असते’ हे वाक्य माझी दहावीची पोरं झोपेतही म्हणतात. (अंतर्लिखित कोन म्हणजे शिरोबिंदू परिघावर असलेला, आणि अंतर्खंडित कंस म्हणजे त्या कोनाने कापलेला.) कोणता कंस, असं विचारलं की मात्र वर्ग गप्प. म्हणून हे प्रमेय मी आता जिओजेब्रावर घेते. २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी सुरू केलेलं, भूमितीच्या आकृत्या काढून हलवता येणारं हे सॉफ्टवेअर शाळेत फुकट वापरता येतं. एकदा उतरवून घेतलं की नेटही लागत नाही. आमच्याकडे एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर, तेवढ्यात भागतं.

आकृती आदल्या दिवशी घरी करून ठेवा. वर्गात पहिल्यांदा करायला गेलात तर तासाची दहा मिनिटं बटणं शोधण्यात जातात. (माझी गेली आहेत.) केंद्र ओ घ्या आणि ‘केंद्र व त्रिज्या’वालं वर्तुळ काढा, त्रिज्या ३. केंद्र आणि बिंदूवालं नको, कारण तो बिंदू ओढला की वर्तुळच लहानमोठं होतं आणि पोरांचं लक्ष तिकडे जातं. मग परिघावर ए, बी, पी हे तीन बिंदू घ्या. प्रत्येक बिंदू ओढून बघा. परीघ सोडून बाहेर आला तर तो वर्तुळाला बांधलेला नाही. पुसा आणि पुन्हा घ्या.

आता कोन मोजा: ए-पी-बी (अंतर्लिखित) आणि ए-ओ-बी (केंद्रातला; याचं माप म्हणजेच लहान कंसाचं माप). शिरोबिंदूवर दुसरी क्लिक. जिओजेब्रा कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजतं, त्यामुळे क्रम चुकला की ५०° ऐवजी ३१०° दिसतात. कोनाच्या सेटिंगमध्ये मर्यादा ०° ते १८०° करून टाका. दशांशस्थळं दोन ठेवा. मी एकदा शून्य ठेवली होती. पडद्यावर ७५° आणि ३८° आले, आणि मागच्या बाकावरून एका मुलीचा आवाज आला, ‘बाई, ७५ चं निम्मं ३८?’ खरं माप ३७.५° होतं. तिचं बरोबर होतं, फजिती माझी झाली.

वर्गात एक नियम पाळा: आधी वहीत अंदाज, मग माऊस. पी मोठ्या कंसावर फिरवला तर माप वाढेल, कमी होईल, की तेवढंच राहील? प्रत्येकाने लिहायचं. ‘शिरोबिंदू लांब गेला की कोन लहान होणार’ असं निम्म्याहून जास्त जण लिहितात. मग एखाद्याला पुढे बोलवा आणि तुम्ही मागे जाऊन उभ्या राहा. आकडा हलत नाही हे बघून होणारा गलका होऊ द्या.

मग पी ला बी ओलांडून लहान कंसावर न्यायला सांगा. ५०° चे एकदम १३०° होतात आणि ए-ओ-बी मात्र १००° च राहतो. ‘बाई, बिघडलं!’ इथे उत्तर सांगून टाकायचा मोह होतो. थांबा. फक्त विचारा, आता हा कोन कोणता कंस कापतोय? पलीकडचा, २६०° चा. १३० त्याचंच निम्मं. पाठ केलेल्या वाक्यातला ‘कंस’ पोरांना इथे दिसतो. अर्धवर्तुळातला काटकोन दाखवायला बी सरकवून एबी व्यास करा. त्याला एक मिनिट पुरतं.

‘बघितलं की, आता सिद्धता कशाला?’ हा प्रश्न येणारच. पी मोठ्या कंसावर परत आणा आणि पीओ ही रेषा पुढे वाढवा. त्रिज्या समान, म्हणून दोन समद्विभुज त्रिकोण तयार होतात. प्रत्येकाचा बाह्यकोन दुप्पट, आणि त्यांची बेरीज केली की काम झालं. ते फळ्यावर लिहून झालं की पी हळूहळू बी जवळ नेऊन केंद्र कोनाच्या बाहेर पडू द्या, आणि विचारा: आता बेरीज चालेल का? वजाबाकी करावी लागते हे आमच्या वर्गात कुणीतरी दुसऱ्या दिवशी येऊन सांगतं. तोवर मी लॅपटॉप मिटून ठेवलेला असतो.