येशूच्या चित्रातला नेमका प्रसंग कसा ओळखावा

युरोपातल्या कुठल्याही मोठ्या चित्रसंग्रहालयात येशू दालनामागून दालनं भेटत राहतो. आपल्याकडून जाणाऱ्यांना बहुतेक वेळा दोन सल्ले मिळालेले असतात: चेहऱ्यावरचे भाव बघा आणि चित्रात दडलेली गुपितं शोधा. दोन्ही सोडून द्या. आधी एवढंच विचारा, की हा कथेतला कोणता क्षण आहे? तो ठरला, की कोण कुठे उभं आहे, कुणाचे हात कुठे आहेत, हे सगळं आपोआप उलगडू लागतं. तो ठरला नाही, तर तासभर भाव न्याहाळूनही हाती फारसं लागत नाही.

निघण्यापूर्वी बायबलचा नवा करार हा भाग मराठीत वाचा. सगळा जमत नसेल तर त्यातल्या शुभवर्तमानांपैकी, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी, योहानाच्या पुस्तकाचे १९ आणि २० हे अध्याय आणि लूकचा २४वा अध्याय. दालनात शिरल्यावर भिंतीवरची पाटी लगेच वाचू नका.

गर्दीत येशू शोधणं सोपं आहे. जुन्या चित्रांत प्रभावळीच्या आत क्रूस काढलेला असेल तर तो येशू. संतांची प्रभावळ साधी असते. लांब केस आणि दाढी यांवर मात्र भिस्त ठेवू नका. काराव्हाज्जोच्या लंडनमधल्या 'अम्माऊस इथलं भोजन' (१६०१) या चित्रात येशूला दाढी नाही, आणि सिस्टीन चॅपेलमधल्या मायकेलँजेलोच्या 'अंतिम न्याया'तही नाही. उलट म्युनिकमध्ये खांद्यावर केस रुळणारा, थेट समोर बघणारा, छातीशी हात नेलेला जो दाढीवाला दिसतो, तो खुद्द चित्रकार ड्यूरर आहे. १५०० साली त्याने स्वतःला तसं रंगवलं.

बरेच प्रसंग एका खुणेवर ओळखता येतात. नदी आणि कबुतर म्हणजे बाप्तिस्मा. काट्यांचा मुकुट, अंगावर झगा आणि शेजारी रोमन सुभेदार पिलात म्हणजे लोकांपुढे उभा केलेला येशू. येशूची शिष्या मग्दालिया मरीया गुडघ्यांवर आणि येशूच्या हातात कुदळ म्हणजे पुनरुत्थानानंतरची, म्हणजे येशू मरणातून पुन्हा उठल्यानंतरची सकाळ, कारण तिला तो आधी माळी वाटला होता.

वधस्तंभावरचा येशू दिसला की बरगडीकडे बघा, बहुतेक वेळा त्याच्या उजव्या. भाल्याची जखम योहानाच्या सांगण्याप्रमाणे मृत्यूनंतरची आहे. जखम नसेल तर तो बहुधा अजून जिवंत आहे. अँटवर्पच्या कॅथेड्रलमध्ये रुबेन्सचा क्रूस उभारतानाचा येशू (१६१०–११) बघा, बरगडी अखंड आहे. जखम आहे, पण डोळे उघडे आणि माणूस चालताबोलता, तर आपण पुनरुत्थानाच्या पलीकडे आलो.

आता अवघड टप्पा. मीही इथेच सगळ्यात जास्त काळ अडकलो होतो. क्रूसापासून कबरेपर्यंतच्या काही तासांत चार वेगळे प्रसंग आहेत: देह खाली उतरवणं, त्याच्याभोवतीचा विलाप, आईच्या मांडीवरचा देह म्हणजे पिएता, आणि दफन. चारही चित्रांत तोच पांढरा पडलेला देह, तीच आई, तोच तरुण शिष्य योहान, पायांशी तीच मग्दालिया. पर्यटकांसाठीच्या माहितीपत्रकांत सांगतात, की शिडी दिसली तर उतरवणं आणि दोनच माणसं असली तर पिएता. हे नियम पाठ करू नका. लूव्रमधल्या 'आविन्यों पिएता'त आई आणि मुलाखेरीज योहान आहे, मग्दालिया आहे आणि डावीकडे हात जोडून बसलेला, चित्र करवून घेणारा दाताही आहे. तरी ती पिएताच.

माझा नियम असा: देहाचा भार या क्षणी कुणावर आहे आणि तो कुठल्या दिशेने चालला आहे, ते बघा. बाकी सगळं त्यानंतर.

भार वरच्यांच्या हातून खालच्यांच्या हाती जात असेल, तर देह उतरवला जातो आहे. रुबेन्सच्या अँटवर्पमधल्या दुसऱ्या मोठ्या चित्रात वरच्या माणसाने कापड चक्क दातांत धरलं आहे, खाली लाल वस्त्रातला योहान भार झेलतो आहे आणि येशूचं पाऊल मग्दालियाच्या खांद्याला टेकलं आहे. माद्रिदच्या प्रादोमधलं रोगिएर व्हान डर वेडनचं चित्र (सुमारे १४३५) जास्त फसवं. तिथे क्रूस लहान आणि मागे दाबलेला, देह जवळजवळ आडवा, आणि मूर्च्छित आई मरीया त्याच आकारात कोसळलेली. अनेक जण त्याला विलाप म्हणून मोकळे होतात. पण देह अजून जमिनीला लागलेला नाही, तो उभ्या माणसांच्या हातांवर आहे. म्हणजे उतरवणंच.

भार जमिनीवर किंवा दगडावर विसावला आणि हालचाल थांबली, की विलाप. पादुआतल्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये जोत्तोने (सुमारे १३०५) आपल्याकडे पाठ करून बसलेल्या बायका काढल्या आहेत आणि आकाशात देवदूत आक्रोश करताहेत. कुणालाच कुठे जायचं नाही. मिलानमधला मान्तेन्याचा येशू पाय आपल्याकडे करून शिळेवर पडला आहे; त्याला कुणी उचलत नाही, म्हणून तोही विलापच.

सगळा भार आईच्या मांडीवर असेल, तर पिएता, शेजारी कितीही माणसं असोत. चारही शुभवर्तमानांत हा प्रसंग कुठेच लिहिलेला नाही. तो भक्तांच्या गरजेतून आला, त्यामुळे त्यात जागा आणि वेळ दाखवणाऱ्या खुणा शोधत बसू नका.

आणि भार पुन्हा हलू लागला, माणसं पाय रोवून वाहताहेत किंवा खाली ठेवताहेत, की दफन. रोममधल्या बोर्गेझे गॅलरीत राफाएलचं १५०७ चं चित्र आहे. पेरुजाच्या आतालान्ता बाल्योनी हिने मारल्या गेलेल्या मुलाच्या आठवणीत ते करवून घेतलं. त्याचं प्रचलित नाव 'डिपोझिशन', म्हणजे उतरवणं. पण रिकामे क्रूस दूर टेकडीवर आहेत आणि दोन पुरुष कापडात देह घेऊन, अंग मागे ताणून कबरेकडे निघाले आहेत. इथे पाटीपेक्षा त्यांच्या दंडांवर विश्वास ठेवा. पाटी शेवटी वाचा म्हणतो ते याचसाठी.

प्रसंग ठरला, की चित्र मुळात कुठे होतं ते शोधा. काराव्हाज्जोचं दफन (१६०३–०४) आज व्हॅटिकनच्या संग्रहात असलं, तरी ते रोममधल्या एका चर्चच्या वेदीवर होतं. दगडाचा कोपरा आपल्या अंगावर येतो, दफनाला मदत करणारा निकदेम देहाचे गुडघे कवटाळून थेट बाहेर बघतो, आणि देह वेदीच्याच दिशेने खाली येतो. असं चित्र शक्य तेवढं खालून बघा.

कोल्मारच्या संग्रहालयातली ग्रुनेवाल्डची इझेनहाइम वेदी, म्हणजे वेदीवर उभ्या केलेल्या रंगवलेल्या फळ्या (१५१२–१६), संत अँटनीच्या नावाच्या मठासाठी होती. बुरशी लागलेलं राय हे गव्हासारखं धान्य खाऊन अंगाची आग होणाऱ्या, अवयव सडणाऱ्या रुग्णांची सेवा तिथे होत असे. त्या चित्रात येशूच्या कातडीवर फोड आणि काटे आहेत. क्रूसाशेजारी बाप्तिस्मा करणारा योहान (शिष्य योहान नव्हे) बोट दाखवत उभा आहे, आणि कथेप्रमाणे तो तर केव्हाच मारला गेला होता. असा काळाबाहेरचा माणूस दिसला म्हणून प्रसंग चुकला असं समजू नका. क्षण तोच आहे. ते बोट वेदीसमोर आणून बसवलेल्या रुग्णांसाठी आहे, आणि दोन्ही बाजूंच्या फळ्यांवरचे सेबास्तियन आणि अँटनी हे संतही त्यांच्यासाठीच.