बुडापेस्टची थर्मल बाथ: या चुका टाळा

बुडापेस्टला गेलेल्यांपैकी पुष्कळजण एकदा तरी सेचेन्यी या थर्मल बाथच्या, म्हणजे गरम झऱ्यांच्या पाण्याच्या स्नानगृहाच्या, पिवळ्या इमारतीत जातात. घोळ होतो तो पाण्यात उतरण्याआधीच: चुकीचा वार, चुकीचं तिकीट, नाहीतर चुकीचे कपडे.

जुन्या यादीवर विसंबणं

जुन्या लेखांत गेल्लर्ट या बाथचं नाव सगळ्यात वर असतं. ते 1 ऑक्टोबर 2025पासून नूतनीकरणासाठी बंद आहे, 2028पर्यंत उघडायचं नाही. किराय बाथही बंदच. सेचेन्यी, रुडास आणि लुकाच या बाथमध्ये 14 वर्षांखालच्या मुलांना आता प्रवेश नाही. मुलं बरोबर असतील तर मार्गारेट बेटावरचं पालातिनुश हे स्नानगृह गाठा, दारात हुज्जत घालून उपयोग होत नाही.

रुडासचा वार न बघणं

रुडासचा तुर्की भाग 16व्या शतकातला. घुमटाखाली 36 अंशांचा अष्टकोनी हौद, भोवती 28 ते 42 अंशांचे छोटे हौद. मंगळवार बायकांचा, शनिवार-रविवार सगळ्यांचा. बाकीचे दिवस मुख्यतः पुरुषांचे, त्यातही काही दिवशी तासांप्रमाणे नियम बदलतो, म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवसाचं वेळापत्रक बघाच. जोडप्याने चुकून पुरुषांचा दिवस निवडलाच, तर वेलनेस विभाग आणि पोहण्याचा तलाव दोघांनाही खुला असतो. फक्त पुरुषांच्या किंवा फक्त बायकांच्या दिवशी कमरेला बांधायला फडकं मिळतं. पुढून झाकतं, मागून नाही. लंगोटाचा गरीब चुलतभाऊच. मिश्र दिवशी मात्र स्विमसूट लागतोच.

वज्रेश्वरीच्या कुंडाची सवय

टी-शर्ट, सुती चड्डी, सलवार घालून इथे उतरता येत नाही. अंग झाकायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा पोशाख पोहण्याच्याच कापडाचा हवा. पोहण्याच्या तलावात टोपी सक्तीची. नुसतं बसायच्या गरम हौदात ती लागत नाही. टॉवेल आणि रबरी चप्पल घरूनच न्या. डोक्याला तेल असेल तर आधी शाम्पू करा, नुसत्या शॉवरने ते जात नाही.

लॉकर की केबिन

लॉकरच्या तिकिटावर सामानापुरतं कपाट मिळतं, केबिनमध्ये आडोशाला कपडे बदलता येतात. दोघं असाल तर एकाने केबिन आणि दुसऱ्याने लॉकर घेऊन पैसे वाचवता येतात. मनगटावरचा बँड हीच किल्ली, तो हरवला तर दंड. कपाटाचा क्रमांक लक्षात ठेवा. नंतर ओल्या अंगाने रांगा शोधत फिरण्यात मजा नाही.

चांदी अंगावर ठेवणं

जोडवी आणि पैंजण हॉटेलवरच काढून ठेवा. पाण्यातल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीचा संयोग होऊन तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. काळी पडलीच तर वाटीत अ‍ॅल्युमिनियमचं फॉइल अंथरा, त्याला टेकतील अशी जोडवी ठेवा, चमचाभर खाण्याचा सोडा आणि कढत पाणी घाला. काही मिनिटांत काळेपणा उतरतो. खडे-मोती बसवलेल्या किंवा मुद्दाम ऑक्सिडाइज केलेल्या दागिन्यांवर हा प्रयोग नको, नक्षीतली काळी छटाही निघून जाईल.

तासभर बसून राहणं

38 अंशांत 15–20 मिनिटं पुष्कळ झाली. उष्णतेने रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब खाली येतो. अशात झटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी पायरीवर या, मिनिटभर बसा, मग कठडा धरून उठा. चक्कर आलीच तर बाहेर सावलीत पाय उंच करून पडा, बरं वाटल्यावर घोट घोट पाणी प्या. दारू पिऊन उतरू नका. हृदयविकार, रक्तदाबाच्या गोळ्या किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

थंडीत उघड्या हौदाकडे पळणं

सेचेन्यीच्या अंगणात तीन हौद आहेत, आणि वाफेत सगळे सारखेच दिसतात. बुद्धिबळाचा पट मांडून बसलेली माणसं दिसतील तो 38 अंशांचा. मधला पोहण्याचा, त्यात बसायला उतरलात तर 26–28 अंशांच्या पाण्यात कुडकुडाल. जाताना फरशीवर बर्फ असू शकतो, चप्पल हौदाच्या काठापर्यंत घाला आणि टॉवेल कठड्याजवळच्या खुंटीला अडकवा, नाहीतर परतताना तोही गोठलेला सापडेल.