ॲपलस्क्रिप्टमधून शेल आज्ञेला फाइलचे नाव बिनचूक कसे द्यावे

सांगलीच्या मार्केट यार्डातील एखाद्या अडत पेढीच्या मॅकवर ‘हळद सौदे मार्च '२४’ अशा नावाची फाइल असणे अगदी स्वाभाविक आहे. मात्र ॲपलस्क्रिप्टच्या (मॅकवरील कामे आपोआप करून घेण्याच्या ॲपलच्या भाषेच्या) ‘डू शेल स्क्रिप्ट’ला हे नाव जसेच्या तसे जोडून दिले, तर शेल (लिहून दिलेल्या आज्ञा चालवणारी प्रणाली) प्रत्येक मोकळ्या जागेवर त्याचे तुकडे करू लागते आणि २४ च्या आधीचे चिन्ह म्हणजे अवतरणाची सुरुवात, असे समजून त्याची जोडी शोधते, ती न सापडल्यामुळे आज्ञा अडते.

नावाभोवती हाताने एकेरी अवतरणचिन्हे घालणे हा उपाय याच फाइलवर फसतो. त्याऐवजी ‘क्वोटेड फॉर्म ऑफ’ वापरावे. ते संपूर्ण मजकूर एकेरी अवतरणांत ठेवते आणि आत एकेरी अवतरणचिन्ह आले की अवतरण बंद करून, ते चिन्ह उलट्या तिरक्या रेघेसह लिहून, पुन्हा उघडते. फाइंडरकडून (मॅकवर फाइल दाखवणाऱ्या ॲपकडून) मिळणारा पत्ता अपूर्णविरामांनी जोडलेला असू शकतो, म्हणून आधी ‘पॉझिक्स पाथ ऑफ’ने तो शेलला कळेल असा करून घ्यावा. फाइलची प्रत फोल्डरमध्ये करणारी (‘सीपी’ म्हणजे कॉपी) पुढची ओळ येथे देवनागरीत दिली आहे. टाइप करताना आज्ञा अर्थातच रोमन लिपीत लिहाव्यात:

डू शेल स्क्रिप्ट "सीपी " & क्वोटेड फॉर्म ऑफ पॉझिक्स पाथ ऑफ फाइल१ & " " & क्वोटेड फॉर्म ऑफ पॉझिक्स पाथ ऑफ फोल्डर१

‘सीपी’नंतरची आणि दोन पत्त्यांमधली मोकळी जागा विसरू नये, कारण & हे चिन्ह मजकूर नुसता चिकटवते. अवतरणे फक्त बदलत्या मजकुराला द्यावीत, संपूर्ण आज्ञेला नव्हे. तसेच ~ आणि * ही चिन्हे अवतरणांत गेली की त्यांचा विशेष अर्थ उरत नाही.

टर्मिनलमध्ये चालणाऱ्या आज्ञेला येथे ‘सापडली नाही’ असे उत्तर आले, तर दोष बहुधा फाइलच्या नावात नसतो. ‘डू शेल स्क्रिप्ट’ तुमच्या प्रोफाइलमधील सेटिंग वाचत नाही, त्यामुळे होमब्रूने (मॅकवर जादा आज्ञा बसवणाऱ्या साधनाने) बसवलेल्या आज्ञेचा पूर्ण पत्ता लिहावा.

मॅकच्या ऑटोमेटर ॲपमधील ‘रन शेल स्क्रिप्ट’मध्ये इनपुट आर्ग्युमेंट म्हणून देण्याचा पर्याय निवडावा लागतो, आणि तेथे "$@" (म्हणजे मिळालेली सर्व आर्ग्युमेंट) दुहेरी अवतरणांसह लिहिले नाही, तर सौद्यांच्या फाइलचे पुन्हा तसेच तुकडे होतात.